पुलापलीकडची शाळा

"सरकार झोपलं होतं, अण्णा! सीमेवर हल्ला होणार, हे आधीच कळलं होतं. गुप्त कागद बाहेर आलाय!" अमरनाथ दुकानाच्या पायरीवरून ओरडला.

गुरुपादप्पा गल्ल्यावरून ताडकन उठले. "तुझ्याच पक्षानं फोडला तो कागद. लढाई चालू असताना देशाची गुपितं फोडता, लाज न्हाई वाटत?"

चाकूरच्या बाजारात या दोघा भावांचा वाद रोजचाच होता. त्या दिवशी गर्दी जमली. कुणीतरी मोबाईल वर धरला. गुरुपादप्पांचा मुलगा रुद्रेश सीमेवर होता, म्हणून सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"सरकार जागं हाय! माझ्या लेकराची तुकडी पुलापलीकडच्या शाळेत नेऊन बसवलीय, तोफांसकट. त्यानंच सांगितलं फोनवर!"

टाळ्या पडल्या. अमरनाथ मान खाली घालून निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावोगाव पोचला. गुरुपादप्पांच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष शेषेराव यांनी फोन करून शाबासकी दिली.

दोन दिवसांनी रुद्रेशचा फोन आला.

"अप्पा, शाळेवर मारा झाला. मी पाणी आणायला गेलो होतो, म्हणून वाचलो. मुनीब गेला."

मुनीब बिलोलीचा, रुद्रेशच्याच तुकडीतला. गेल्या सुट्टीत रुद्रेशबरोबर घरी आला होता. रुद्रेशच्या आईच्या, महानंदाबाईंच्या हातची शेंगापोळी मागून मागून खाल्ली होती त्यानं.

गुरुपादप्पांनी विचारलं, "माझ्या बोलण्यानं झालं का रे?"



"ठाऊक न्हाई, अप्पा. आता ते कुणालाच कळायचं न्हाई."

फोन बंद झाला. महानंदाबाई पदर तोंडात दाबून भिंतीला टेकल्या. बातमी ऐकून अमरनाथ आला. भावाच्या शेजारी बसून राहिला.

शेवटी गुरुपादप्पा उठले आणि पायांत चप्पल न घालताच पक्षाच्या कार्यालयात गेले. तिथं टीव्हीवर दोन्ही पक्षांचे प्रवक्ते भांडत होते, शाळेची माहिती शत्रूला कुणी पोचवली म्हणून. शेषेराव पत्रकारांना सांगत होते, "विरोधकांनी फोडली. आमच्याकडं पुरावे हायेत."

"मी फोडली," गुरुपादप्पा म्हणाले. "माझाच व्हिडिओ बघा. पोलिसांना बोलवा. मला न्या."

पत्रकारांनी एकमेकांकडे पाहिलं. शेषेरावांनी हसत हसत त्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं. गुरुपादप्पांना खुर्चीत बसवलं. त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"अप्पा, तुम्ही आपले माणूस," ते मायेनं म्हणाले. "आपल्या माणसानं सांगितलं, तर त्याला फोडणं म्हणत न्हाईत."