निरोगी नळी

विश्वास बसणार नाही कुणाचा, पण सहा वर्षं एक अख्खी चाचणी काकांच्या रक्तावर उभी होती. स्मृतिभ्रंश वरून दिसायच्या दहा वर्षं आधी रक्तात हुडकणारी चाचणी. तळ्याच्या या काठाला मिठाचा खडा टाकावा आणि त्या काठाला जीभ खारट व्हावी, इतकी तीक्ष्ण. दर खेपेला रुग्णांच्या नळ्यांशेजारी, तुलनेसाठी, एका धडधाकट माणसाचं रक्त लागे. ते प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने मदतनीस, म्हणजे काका, बाही सारून देत. "माझं रक्त म्हणजे मोजपट्टी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

आज मोजपट्टीच फिरली. 'निरोगी' अशी चिठ्ठी लावलेल्या नळीचा आकडा रुग्णांच्याही वर गेला.

चाचणी घडवणाऱ्या बाईंनी तिसऱ्यांदा यंत्र चालवलं. तोच आकडा.

"रसायन नासलं असेल," बाई म्हणाल्या. "नासलेलंच असू दे."

नासलं असतं तर सगळ्याच नळ्या बिघडल्या असत्या, हे काकांना कळत होतं. चाचणी खोटी, तर समोरच्या या पोरीची सहा वर्षं पाण्यात. खरी, तर... पुढचं त्यांनी मनातसुद्धा उच्चारलं नाही. दोघंही वाचतील अशी एक थाप हवी होती. आणि थापांत काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"पोरी, रागावू नकोस," ते हसत म्हणाले. "ते रक्त माझं नव्हेच. या खेपेला टोचून घ्यायचा कंटाळा आला. आपल्या शिपायाला चहा पाजला आणि त्याचंच काढलं. बिचारा हल्ली किल्ल्या विसरतो, बघ."

बाईंचा चेहरा उजळला. एका श्वासापुरताच.

"खरं सांगताय?"

"तुझी शपथ. तो काय बाहेर बसलाय, जा, विचार त्याला."

बाईंनी दाराकडे पाहिलं. शिपायाच्या खुर्चीवर रिकाम्या खोक्यांची चळत होती, तिच्यावर धूळ.

"खोटं बोलताय, काका," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी यंत्र बंद केलं. "शिपाई गेल्या वर्षीच निवृत्त झाला. निरोपाचं भाषण तुम्हीच केलंत. हसून हसून पुरेवाट झाली होती सगळ्यांची."