टाकीचा रंग

ओल्या कापडाच्या तीन चिंध्या आत्याच्या भावाने आणून तिच्या पुढ्यात टाकल्या. वास असा भपकन आला की तिने तोंड फिरवलं.

"काय रे ही घाण! लांब टाक की. मी इथे शिवतेय, दिसत नाही?"

"घाण नाही ताई, परीक्षा आहे," भाऊ म्हणाला. "तीन रंग, आठवडाभर नदीत बुडवून ठेवलेले. बघ कोण पास झालंय."

आत्याच्या मांडीवर होडीचं टोक होतं. होडी नाही, कयाक म्हणायचं, असं भाचीने तिला दहादा बजावलं होतं. वेताच्या कामट्यांचा सांगाडा भावाने बांधला होता, अगदी पोरीच्या मापाचा. मोठ्या माणसाचं एक ढुंगणसुद्धा त्यात मावलं नसतं. सांगाड्यावर जाड कापड ताणून शिवायचं काम आत्याकडे आलं, कारण घरात शिंपीण तीच. फ्रॉकला घेतात तसं तिने भिंगरीच्या कमरेचं आणि पायांचं माप घेतलं होतं. भिंगरी म्हणजे ही भाची. एका जागी म्हणून ठरत नसे. आता वीतभर शिलाई उरली होती. मग वरून रंग द्यायचा, म्हणजे कापडातून पाणी आत येत नाही.

तिने सुईच्या टोकाने पहिली चिंधी उलटी केली. उकडलेल्या टोमॅटोची साल निघावी तसा रंग निघून आला, खालचं कापड बुळबुळीत झालेलं. दुसरीचा रंग फोड येऊन फुटला होता. तिसरी मात्र ताठ आणि चकचकीत.

"हा टिकला!" भावाने मांडीवर थाप मारली. "ठाऊकच होतं मला. कारखान्यातून डबा उचलून आणलाय. आमच्या टाक्यांना आतून हाच देतात."

"कसल्या टाक्या?"

"कापड रंगवून उरलेलं पाणी साठवायच्या. साध्या रंगाला ते पाणी खाऊन टाकतं. याच्यापुढे त्याचं काही चालत नाही."

आत्याची सुई थांबली. "अरे, पण चिंध्या तर तू नदीत ठेवल्या होत्यास."

भाऊ हसला. लहानपणी चोरी पकडली गेली की हसायचा, तसाच. "मग टाकी भरली की ते जाणार कुठे, ताई?"

नदी दिसायला काचेसारखी होती. तिच्यातच आत्या कोरं कापड भिजवून आणायची, कारण न भिजवता शिवलं तर पुढे आटतं आणि गिऱ्हाईक डोकं खातं. तिच्या मनगटांवरची कातडी कित्येक महिने सोलत होती. यालाच दाखवली होती तिने, कारखान्यात शिकलेला माणूस म्हणून.

"मला म्हणालास, साबण बदल."

"अगं, साबणानेही होतं कधी कधी."

"बदलले रे. दुकानातले सगळे बदलले."

या माणसाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं, याच हातांनी त्याचा शेंबूड पुसला होता, आणि तेव्हा कधी किळस आली नव्हती.

"आणि पोरीला त्या पाण्यात घालणार तू?"

"एकदाच गं. रविवारी मोठे साहेब येणार, फोटोवाले येणार. खालच्या वस्तीने या पाण्यावरून नुसता गोंधळ घातलाय. कारखान्यातल्या माणसाची स्वतःची पोर नदीत मजेत फिरताना दिसली, की सगळ्यांची तोंडं बंद. साहेब मग मला विसरणार नाहीत." त्याने आवाज खाली आणला. "आणि हातमोजे आणलेत तिच्यासाठी. कातडीच्या रंगाचे. फोटोत कळणारसुद्धा नाहीत. मी काय वेडा आहे का?"

"नाही," आत्या म्हणाली. "वेडा असतास तर बरं होतं."

तेवढ्यात भिंगरी घरातून धावत आली. "झाली माझी कयाक? आत्या, किती गं हळू शिवतेस! तोवर मी म्हातारी होईन."

कुणी काही बोलायच्या आत ती कयाकमध्ये शिरून बसली. कंबर नेमकी बसली, पाय नेमके पोचले. तिचा चेहरा असा फुलला की आत्याला तिकडे बघवेना.

भाऊ लेकीपुढे उकिडवा बसला. "आता नीट ऐक. पाणी उडून तोंडात गेलं तर गिळायचं नाही. लगेच थुंकून टाकायचं. दाखव बरं करून."

भिंगरीने गाल फुगवले आणि थुंकली.

"हॅं, हे काय! जोरात. लांब गेलं पाहिजे."

ती पुन्हा थुंकली, आणि स्वतःच खुदखुदली.

"शाब्बास! पण फोटोवाल्यांसमोर नाही हं. मागे वळून, हळूच."

आत्या उठली. काखेत हात घालून तिने पोरीला बाहेर काढून उभं केलं. मग कापड बेतायची मोठी कात्री घेतली, कयाकच्या टोकाला खुपसली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली.

"ताई! परवा रविवार आहे!"

"ठाऊक आहे मला."

तिने सांगाड्यावर पाय ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कामट्या कडाकडा मोडल्या. भाऊ डोक्याला हात लावून बघत राहिला.

भिंगरीला आधी काही कळेचना. मग ती किंचाळली. "ती माझी होती! घाणेरडी आत्या!" तिने गाल फुगवले, सगळा जोर एकवटला आणि थुंकली. थुंकी आत्याच्या हनुवटीवर बसली आणि गळ्याकडे ओघळली.

"भिंगरे!" भाऊ तिच्यावर धावून गेला. "मोठ्या माणसांवर थुंकतात? लाज नाही वाटत? माफी माग आधी!"

आत्या मध्ये आली. हनुवटी तिने पुसली नाही.

"ओरडू नकोस तिला," ती म्हणाली. "थुंकली ते बरोबरच आहे. नेम तेवढा चुकला."