तीन शेपट्यांचा राक्षस

राक्षस पकडून पाळायचा दादाचा गेम आला, तेव्हा समीक्षकांनी 'ठीक आहे' म्हणून त्याची बोळवण केली होती. त्यातलेच राक्षस घेऊन धाकट्या बहिणीने एक छोटा गेम काढला, तर तेच समीक्षक तिला डोक्यावर घेऊन नाचायला लागले. दहापैकी नऊ काय, साडेनऊ काय! प्रत्येक समीक्षेगणिक दादाच्या पोटात दुखत होतं.

तिने प्रेमाने सगळ्यांच्या आधी त्याला पाठवलेली कॉपी तो दोन दिवस खेळला, तेही खुसपट काढायला. एकदाचं ते सापडलं. मग त्याने खोट्या नावाने ठोकून दिलं: "एक तारा, तोही उपकार म्हणून. तो तीन शेपट्यांचा हिरवा राक्षस कुणी काढलाय? शाळकरी पोराने वहीच्या मागच्या पानावर खरडावा तसा! असलं ध्यान गेममध्ये घेतलंच कसं?"

आलेली प्रत्येक प्रतिक्रिया वाचत बसलेल्या बहिणीचा दहा मिनिटांत मेसेज आला.



"दादा, तो राक्षस फक्त तुझ्याच कॉपीत टाकला होता. तुझ्या चौथीच्या वहीच्या मागच्या पानावरून उतरवून."