सातवा व्हिडिओ

“हा नको, पाठ वाकवतोय. पुढचा लाव,” अण्णा पलंगावरून म्हणाले. मार्केट यार्डात तीस वर्षं पोती वाहिलेल्या माझ्या वडिलांना वजन उचलायला शिकवणारा एकही व्हिडिओ पटेना. सातव्यातली बाई पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून उठली, तेव्हा कुठे खुलले. “हिच्याकडून शीक.”

अर्धांगवायूनंतर त्यांना खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची, आणि घरात मी एकटीच. दोन महिने मी तांदळाची गोणी उचलायचा सराव केला.

आज त्यांच्या काखेत हात घालून, गुडघ्यांतून जोर लावला. ते इतके अलगद वर आले की माझाच तोल गेला.

“जड झालो ना गं?”

“नाही, अण्णा.”

त्यांना वाटलं, मी मन राखतेय. मी खरं तेच सांगत होते.