टाकीतला वारा

परग्रहावरचा वारा आवाजाने मोजणारं तिचं यंत्र सातव्या दिवशीही चाचणीत नापास झालं. त्यातला एक भोंगा आवाज सोडायचा, समोरचा तो टिपायचा. वारा पाठीशी असला की आवाज लवकर पोचायचा, तोंडावर असला की उशिरा. पण परग्रहासारखी विरळ हवा भरलेल्या बंद टाकीत वारा येणार कुठून? तरी आकडा काही शून्यावर येईना.

“उद्या हे यानातून काढतोय,” साहेब म्हणाले. “नसलेला वारा दाखवणारं यंत्र काय कामाचं?”

टाकी बांधणाऱ्या फिटरकाकांनी मान डोलावली. “माझ्या टाकीत मुंगीलाही शिरता यायचं नाही.”

तिने सात दिवसांचे कागद शेजारी शेजारी मांडले. वारा रोज तेवढाच होता, आणि रोज एकाच बाजूने, डावीकडून खालून येत होता. खोटं बोलणाऱ्याला इतकं लक्षात राहत नाही.

“काका, डावीकडच्या खालच्या सांध्याशी जरा दोरा धरून बघता?”

काका कुरकुरत गुडघ्यांवर बसले. दोऱ्याचं टोक थरथरलं आणि सुर्रकन सांध्यात ओढलं गेलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावरचं ‘नापास’ ठसठशीत खोडलं.

काका मात्र अजून खालीच बसले होते. “ताई,” ते हळूच म्हणाले, “हे वर जायच्या आधी माझ्या बाकीच्या दोन टाक्याही त्याला दाखवता का?”