धुऱ्यानं जाणारा माणूस

"मंग? नदीवर पोचला का तो?" कौशल्याबाईने खाटेवरून विचारलं.

"सांगतो ना. तू आधी तोंड उघड," जागेश्वर म्हणाला आणि पेजेचा चमचा पुढे केला.

तिने तोंड उघडलं. गिळताना गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे घट्ट मिटले, पण घोट खाली गेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, खाईल ते खाऊ घाला म्हणाले होते. ती काहीच खात नव्हती. लेकींनी विनवलं, शेजारणींनी शपथा घातल्या, सगळं वाया. तिच्या पोटात चार घास जायचे ते फक्त व्हिडिओ गेमच्या नावाने.

सत्त्याऐंशी साली हे नवं खूळ मंडईत आलं होतं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आज या गावी तर उद्या त्या गावी, आणि कौशल्याबाईची एकही चुकत नसे. यंदा तिने नवऱ्यालाच पिटाळलं होतं, "तुमी पाहून या अन् मले सांगा." तो गावातलीच, एकोडीची मंडई पाहून आला. दंडार कशी झाली, सोंगं-गाणी कशी रंगली? चांगली झाली. दुकानं? होती. झालं वर्णन. गोष्ट सांगण्याच्या बाबतीत हा गडी म्हणजे निव्वळ धोंडा. पण व्हिडिओ गेमवाल्या टेकचंदच्या तंबूतल्या खेळाबद्दल बोलायला लागला तो थांबेचना, आणि ऐकता ऐकता तिने अर्धी वाटी पेज संपवली. तेव्हापासून जागेश्वरच्या जिवाला तोच एक ध्यास लागला. जिथे मंडई तिथे टेकचंदचा तंबू, आणि जिथे तंबू तिथे हा म्हातारा सायकल मारत हजर.

तंबूत जनरेटरवर चालणारे टीव्हीसारखे दोन डबे होते. एकात एक बाई अंगणातल्या झाडांना पाणी घालायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. कुणी मागे लागत नसे, कुणी मरत नसे. जागेश्वरला तो खेळ फार आवडला. कौशल्याबाईने तो ऐकताक्षणी उडवून लावला. "ते तं मी जनमभर केलं जी. त्या मानसाचं सांगा."

तो माणूस दुसऱ्या डब्यात होता. झोपडीतून निघायचा, मागे अस्वल लागायचं, आणि त्याला नदीपार न्यायचं असायचं. मध्ये हिरवंगार शेत. इथेच जागेश्वरचं घोडं अडायचं. तो त्या माणसाला शेतातून सरळ नेतच नसे. धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून वळसे घेत न्यायचा, आणि अस्वल येऊन गाठायचं.

"अजी बाबाजी, धान कायचा? काच हाय ते!" टेकचंद कपाळाला हात लावायचा. "घुसवा सरळ!"

जमलेली माणसं पोट धरून हसायची. जागेश्वरला पटायचं. बोट बटणावर जायचंही. पण उभ्या धानात पाय काही घालवत नसे.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कौशल्याबाई म्हणाली होती, "बरं केलं. लोंबीवर आला असन." आणि किती दिवसांनी हसली होती.

आता ती पुन्हा म्हणाली, "सांगा ना. पोचला का?"

काल सानगडीच्या मंडईत तो पोचला होता. जागेश्वरच्या हाताने नव्हे. टेकचंदलाच कीव आली, त्याने बटणं आपल्याकडे घेतली आणि माणसाला शेत तुडवत नेलं. तेवढा वेळ जागेश्वर दुसरीकडे बघत राहिला. मान वळवली तेव्हा माणूस नदी ओलांडत होता.

"पोचला," तो म्हणाला. "पार बी झाला."

"माय वो!" कौशल्याबाई उठून बसायला धडपडली. त्याने तिच्या पाठीशी उशी दिली. तिच्या सुकलेल्या तोंडावर तरतरी आली. "मंग? पलीकडं का हाय?"

"पलीकडं…" जागेश्वरने चमचा भरला. "पलीकडं मंडई हाय. लय मोठी. सारे सोयरे जमले हायेत, दंडार चालू हाय…"

तिने चमचा हाताने अडवला.

"एवढा संसार झाला जी. तुमाले अजून खोटं बोलता येत नाही."

जागेश्वरने वाटीत पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तेच हाय सारं. तेच घर, तोच धान, तेच अस्वल. फक्त आता जोरानं पळते. टेकचंद म्हणते, त्याच्या पुढं बी तेच. अजून जोरानं. संपतच नाही."

तिने उशीवर मान टेकली.

"थकला असन तो," ती म्हणाली. "बसवा त्याले धुऱ्यावर."

"बसवतो. तू एवढी वाटी तं कर. उद्या सिहोऱ्याची मंडई हाय, एसटीनं जातो. दुसऱ्या वाटेनं नेऊन पाहतो त्याले. काही ना काही नवं भेटनच…"

कौशल्याबाईने ओठ मिटून घेतले. रागाने नाही. कामं आटोपल्यावर बाई दार लोटून घेते, तसे. जागेश्वरला कळलं. तरी चमचा धरलेला हात त्याने मागे घेतला नाही.

"सिहोऱ्याले नोका जाऊ," ती म्हणाली. "आता घरीच राहा."

त्याने चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली. दार सताड उघडं होतं, अंगणात लेकी, शेजारणी वावरत होत्या. जागेश्वर पाटावरून उठला आणि उभ्या जन्मात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. भर दुपारी, साऱ्यांच्या देखत, तो बायकोच्या खाटेवर तिला टेकून बसला.