खालची नावं

सामन्याआधी संघाची यादी भिंतीला चिकटवतात, वर खेळणारे नऊ आणि खाली राखीव चार. जळगाव ते दुबई, बारा वर्षं सुजीत फक्त खालची नावं वाचत आला. बेसबॉलमधल्या नऊच्या नऊ जागा त्याला येतात, म्हणून ज्याला दुखापत होईल त्याच्या जागी त्याला पाठवतात. त्यासाठी त्याच्या बॅगेत तीन प्रकारचे ग्लोव्ह्ज असतात. आज खालच्या चारांत त्याचं नाव नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. त्याने बायकोला फोन केला. विभावरी शारजात, रोल्लाच्या बसस्टॉपवर उभी होती. मोसमातल्या शेवटच्या सामन्यासाठी तिने रजा टाकली होती. "राखीवमध्येही नाही मी. येऊ नकोस." "बरं," ती म्हणाली, "मग जेवायला घरीच ये." तो बॅग भरत बसला. आठ जण मैदानात जाऊन उभे राहिले, पण सामना काही सुरू होईना. त्यांच्या संघाचा कोच, मूळचा लाहोरचा, त्याच्यासमोर येऊन थांबला. "तू बैठा क्यों है? यल्ला, चल." सुजीतने सवयीने बॅग उघडली आणि विचारलं, "किसको लगा?" "किसी को नहीं. लिस्ट ऊपर से पढ." वरून तिसरं नाव त्याचं होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागेसाठी, शॉर्टस्टॉप. त्याने लहान ग्लोव्ह घेतला, बाकीचे दोन बाकाखाली सरकवले आणि धावत जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. तिथून त्याने गॅलरीत विभावरीला शोधलं, आणि मग त्याला आपण तिला केलेला फोन आठवला.